तळ्याकाठची वही

म्हैसूर शहराच्या पश्चिम अंगास, विद्यापीठाच्या मानसगंगोत्री या आवाराला लागून, कुक्करहळ्ळीचे तळे आहे. तिसरे कृष्णराज वडेयर यांच्या कारकिर्दीत, १८६४ साली, ते बांधण्यात आले. कन्नडचे थोर कवी कुवेंपु याच काठाने फिरावयास जात असत. आजही सकाळच्या वेळी तेथे फिरणाऱ्यांची गर्दी असते. बहुतेकांचे लक्ष पायवाटेकडे किंवा सोबत्याच्या बोलण्याकडे असते. क्वचित एखादा बारा-तेरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मात्र काठावर थांबून पाण्याकडे पाहत राहते आणि मधूनच हातातील वहीत काही लिहून घेते. जाणारे-येणारे कौतुकाने हसतात. घरची माणसे थोडी काळजीत पडतात. अभ्यासाचा वेळ वाया तर जात नाही ना, असा प्रश्न त्यांच्या मनात येतो.

या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यावयास हवे. तो वेळ वाया जात नाही. त्या वहीत तारीख, वेळ, स्थळ आणि संख्या प्रामाणिकपणे लिहिली जात असेल, तर ते मूल शास्त्रीय कार्य करीत आहे. त्याला छंद म्हणून सहन करणे पुरेसे नाही. शाळेने आणि घराने त्यासाठी वेळ राखून ठेवला पाहिजे. हे मत कोणत्या आधारावर मांडता येते, ते पुढे क्रमाने पाहावयाचे आहे.

ऋतू आपल्या मातीतले

शरद आणि शिशिर हे निरीक्षणाचे उत्तम ऋतू होत. परंतु मुलांच्या मनात ऋतूंचे जे चित्र असते, ते पुष्कळदा परदेशी पुस्तकांतून आलेले असते. त्या चित्रात सप्टेंबर-ऑक्टोबरात पाने पिवळी व तांबडी होतात, झाडे उघडी पडतात आणि मग बर्फ पडते. भाषांतर करणाराही नकळत तेथे ‘शरद’ हा शब्द योजून मोकळा होतो, आणि मुलाची अशी समजूत होते की, आपल्या गावी निसर्गाचे काहीतरी चुकले आहे.

म्हैसुरात या चित्राला आधार नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून थोडे उंच वसले आहे. नैर्ऋत्येकडील मोसमी वारे ओसरल्यावर ऑक्टोबरात तेथे परतीचा पाऊस पडतो. दसऱ्याच्या दिवसांत तळी भरलेली असतात आणि चामुंडी टेकडीची झुडपे हिरवीगार असतात. पानगळ येते ती जानेवारी-फेब्रुवारीत. तिचे कारणही निराळे आहे. थंड देशांतील वृक्ष लहान होत जाणाऱ्या दिवसांची आणि येऊ घातलेल्या गोठणाऱ्या थंडीची चाहूल लागून पाने टाकतात. दख्खनच्या पठारावरील वृक्ष मुख्यतः पाण्याच्या टंचाईमुळे पाने टाकतात. जमिनीतील ओल कमी झाली असता पानांवाटे होणारे बाष्पीभवन थांबविणे हा त्यांचा बचाव होय. काटेसावर तर निष्पर्ण झालेल्या फांद्यांवर आपली मोठी तांबडी फुले उघडते, आणि त्यांतील मधाकरिता साळुंक्या, कोतवाल व भोरड्या यांची झुंबड उडते.

जे मूल आपल्या गल्लीतील एकाच झाडाकडे सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर आठवड्यास पाहते, त्याला हा भेद सांगावा लागत नाही. पुस्तकातील ऋतू आणि अंगणातील ऋतू यांत अंतर आहे, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळते. ऐकीव ज्ञान अनुभवाशी ताडून पाहणे ही शास्त्राची पहिली पायरी होय, आणि ती चढावयास कोणतेही उपकरण लागत नाही.

पाहुण्यांची ये-जा

म्हैसूरच्या शरदाची खरी खूण पानांत नसून पक्ष्यांत आहे. पावसाळा संपत येतो त्या सुमारास करडा धोबी पाण्याच्या कडेला दिसू लागतो. शेपटी सतत खालीवर हलविणारा हा पोटाशी पिवळा पक्षी हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे उत्तरेस वीण करतो. त्याच्या मागोमाग तपकिरी खाटीक येतो. पकडलेला टोळ वा पाल काट्यावर टोचून ठेवण्याच्या सवयीमुळे या कुळाला हे नाव मिळाले आहे. ऑक्टोबरात विजेच्या तारांवर भिंगऱ्या रांगेने बसतात. झुडपांच्या गर्दीतून ‘चक्, चक्’ असा आवाज येतो, आणि तो करणारा वटवट्या महत्प्रयासाने दृष्टीस पडतो. जेमतेम दहा-बारा ग्रॅम वजनाचा हा जीव मध्य आशियासारख्या दूरच्या प्रदेशांतून येऊन शहरातील एखाद्या कुंपणात हिवाळा काढतो. कड्या घालून केलेल्या प्रयोगांवरून असेही दिसून आले आहे की, धोब्यासारखे काही पक्षी वर्षानुवर्षे हिवाळ्यासाठी त्याच जागी परततात. एवढ्या प्रवासानंतर नेमके तेच ठिकाण ते कसे शोधतात, याचे संपूर्ण उत्तर शास्त्रालाही अद्याप मिळालेले नाही.

याच सुमारास फुलपाखरांचेही स्थलांतर चालू असते. काळ्या पंखांवर फिकट निळे ठिपके असलेली एक जात आणि तिच्या सोबतीची तपकिरी-काळी जात पावसाळ्यापूर्वी सह्याद्रीतून पूर्वेकडील मैदानी प्रदेशात उतरते आणि पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पुन्हा घाटाकडे वळते. त्यांचा रोख कोणत्या दिशेस आहे आणि पाच मिनिटांत किती फुलपाखरे डोळ्यांसमोरून गेली, एवढे लिहून ठेवणे कोणत्याही शाळकरी मुलाला साधण्यासारखे आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरात बदके येतात, आणि जवळच्या नंजनगूड तालुक्यातील हदिनारूच्या तळ्यावर पट्टकादंब हंस उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस मंगोलिया व तिबेट यांसारख्या उंच प्रदेशांत वीण करतात आणि हिमालय ओलांडून येतात. पाठीवर लहान यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात त्यांतील काहींनी सात हजार मीटरांहून अधिक उंची गाठल्याचे आढळले. मात्र बहुतेक प्रवास ते याहून खालून, खिंडींच्या आश्रयाने करतात. हा हंस शेतात उतरून धान्याचे कोवळे कोंब खातो, तेव्हा शेतकरी त्रासून त्याला हाकलतो. पाहणाऱ्या मुलाने हेही लिहून ठेवावे, कारण शेतकऱ्याचे नुकसान हाही त्या पक्ष्याच्या चरित्राचा भाग आहे.

हिवाळा हा केवळ पाहुण्यांचा काळ नव्हे. म्हैसूरहून बंगळूरकडे जाताना मंड्या जिल्ह्यात कोक्करे बेळ्ळूर नावाचे गाव लागते. तेथे चित्रबलाक आणि झोळीवाले पेलिकन हे मोठे पक्षी घरांलगतच्या चिंचेच्या व पिंपळाच्या झाडांवर घरटी करतात आणि गावकरी त्यांना पाहुण्यांसारखे वागवितात. जेर्डन या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या वीण-वसाहतीची नोंद केली होती. एकाच आठवड्यात एका मुलाला उत्तरेकडून आलेले बदक विश्रांती घेताना आणि गावचा बलाक घरट्याला काटक्या नेताना दिसू शकतो.

वहीत काय लिहावे

पुष्कळ मुले उत्साहाने वही सुरू करतात आणि तीत ‘आज सुंदर पक्षी दिसले’ एवढेच लिहितात. अशी नोंद लिहिणाऱ्याच्या आनंदाची साक्ष देते. परंतु दुसऱ्या कोणाला तिचा उपयोग होत नाही. उपयोगी नोंदीत चार गोष्टी असाव्या लागतात: कोणत्या दिवशी व किती वाजता पाहिले, कोठे उभे राहून पाहिले, किती वेळ पाहिले, आणि कोणता जीव किती संख्येने दिसला. पाचवी गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे काय दिसले नाही. एक तास तळ्यावर घालवूनही बदक दिसले नाही, तर ‘बदक शून्य’ असे लिहिणे अगत्याचे आहे. दहा वर्षांनी कोणी ती वही उघडली, तर बदके नव्हती की पाहणारा आला नव्हता, हे त्या शून्यावरूनच कळावयाचे आहे.

ओळख पटली नाही तर तसे स्पष्ट लिहावे. ‘वटवट्या, कोणता ते निश्चित नाही’ ही नोंद चुकीच्या नावापेक्षा शतपटीने मोलाची आहे. चूक सापडली तर ती खोडून टाकू नये. बाजूला दुरुस्ती करून तिची तारीख घालावी. आपण केव्हा आणि का चुकलो, हेही पुढे कामास येते.

अशा वहीतून मुलाला काय मिळते, याचे एक उदाहरण पाहू. भुवई बदकाच्या नराच्या डोळ्यावर पांढरा रुंद पट्टा असतो, असे पुस्तकात लिहिलेले असते. नोव्हेंबरात तळ्यावर आलेल्या थव्यात मूल ती पांढरी भुवई शोधते आणि ती त्याला मिळत नाही. ‘सर्व माद्या’ असे ते लिहिते. थंडीच्या उत्तरार्धात त्याच थव्यात भुवया असलेले नर दिसू लागतात. नर मागाहून आले काय? वहीतील आकडे सांगतात की, थव्याची एकूण संख्या फारशी वाढलेली नाही. मग मूल पुस्तक पुन्हा उघडते, आणि त्याला कळते की, वीण संपल्यावर या बदकाचा नर मादीसारखी साधी पिसे धारण करतो व कित्येक महिने त्याच वेषात राहतो. नर प्रारंभापासून तेथेच होते. आकडे, शंका, तर्क आणि पडताळा असा शोधाचा सारा मार्ग या मुलाने एका तळ्याच्या काठी चालून पाहिला. प्रयोगशाळेतील पुष्कळ ठराविक प्रयोगांत उत्तर अगोदरच ठाऊक असते. येथे ते ठाऊक नव्हते.

लहान नोंदींचे मोठे फळ

या नोंदी मुलाच्या शिक्षणापुरत्याच उपयोगी आहेत, असे कोणी म्हणेल. इतिहास तसे सांगत नाही. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली पहिले फूल, पहिली पालवी, पहिली भिंगरी यांच्या तारखा टिपावयास प्रारंभ केला. त्याच्या वंशजांनी हा क्रम १९५८ पर्यंत चालविला. दोन शतकांहून अधिक काळाच्या त्या नोंदी हवामान आणि झाडांची पालवी यांचा संबंध तपासणाऱ्या शास्त्रज्ञांना पुढे बहुमोल ठरल्या. नोंदी लिहिणाऱ्यांपुढे मात्र तो हेतू नव्हता. आपल्या आवारात काय घडते, एवढेच ते लिहीत होते.

भारतातील उदाहरण याहून जवळचे आहे. सालिम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, असा प्रश्न त्यांना पडला, आणि मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठविले. मिलर्ड यांनी त्या मुलाचा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी काढून दाखविले. पुढे १९३९-४० मध्ये सालिम अली यांनी म्हैसूर संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. श्रीरंगपट्टणाजवळ कावेरीच्या पात्रात, सतराव्या शतकातील बंधाऱ्यामुळे तयार झालेल्या बेटांवर, हजारो पक्षी वीण करीत असल्याचे त्यांनी पाहिले, आणि त्यांच्या आग्रहावरून १९४० साली रंगनतिट्टू हे पक्षी-अभयारण्य घोषित झाले. २०२२ साली त्याचा समावेश रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाला. आज बंदुकीने पक्षी मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. मात्र मुलाच्या प्रश्नाला मोठ्या माणसाने गंभीरपणे उत्तर देणे, हा त्या कथेतील भाग आजही अनुकरणीय आहे.

पक्ष्यांच्या प्रवासाचा संबंध माणसाच्या आरोग्याशीही पोचतो. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांनाही तापाची साथ आली. गोचिडीवाटे पसरणाऱ्या त्या रोगाचा विषाणू सैबेरियाकडील एका विषाणूचा नातलग निघाला. तेव्हा स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिड्यांनी तो आणला काय, असा प्रश्न निर्माण झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून हजारो पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्याचे काम हाती घेतले, आणि भारतात येणारे पक्षी कोठून येतात याविषयीचे ज्ञान त्यातून वाढले.

अलीकडच्या काळात हौशी निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करणे पुष्कळच सुलभ झाले आहे. २०१४ ते २०१६ या काळात म्हैसुरातील पक्षिप्रेमींनी शहराचे चौकोनी भाग पाडून ठरलेल्या पद्धतीने पक्षी मोजले आणि त्यांचा नकाशासंग्रह तयार केला. २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तर तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. दीर्घकालीन कल ज्यांच्याबाबत निश्चित करता आला अशा ३३८ जातींपैकी २०४ जाती घटत असल्याचे त्यात दिसून आले. पगारी शास्त्रज्ञांच्या संख्येवर विसंबून असा अहवाल कधीच तयार झाला नसता.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की, मुलांच्या नोंदींत चुका असतात. त्या असतातच, मोठ्यांच्या नोंदींतही असतात. यावर उपाय नोंदी थांबविणे हा नसून त्या तपासणे हा आहे. एखाद्या जाणत्याने महिन्यातून एकदा मुलाबरोबर तळ्यावर जाऊन वही वाचली, तर निम्म्या चुका तेथेच दूर होतील. उरलेल्या चुका शेकडो नोंदी शेजारी ठेवल्या असता उघड्या पडतात.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. येथे एक विचित्र योगायोग आहे. दसऱ्याची सुटी पक्ष्यांच्या आगमनाच्या वेळी येते. वार्षिक परीक्षा मात्र त्यांच्या परतीच्या वेळी, मार्चच्या आगेमागे येते. परिणामी मुलांच्या वह्यांत ‘आले’ या सदरात भरपूर तारखा असतात आणि ‘गेले’ हे सदर कोरे राहते. आठवड्यातून एक तास दिल्याने कोणाची परीक्षा बुडत नाही. तो तास शाळेच्याच वेळापत्रकात असावा आणि वर्गातील मुलांनी आळीपाळीने एकच वही चालवावी, म्हणजे कोणा एकावर भार पडणार नाही.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. खिशातील दूरध्वनीत छायाचित्र घेता येत असता लिहावे कशाला, असे मुले विचारतात. छायाचित्र ओळख पटविण्यास उपयोगी आहे, यात संशय नाही. परंतु छायाचित्र घेणारा बहुधा देखणे आणि दुर्मिळ तेवढे टिपतो. तळ्यावर बावीस वारकरी आहेत की दोनशे, हे तो पाहत नाही. चांगल्या चित्राच्या लोभाने घरट्याजवळ जाणारे तर पक्ष्याचे प्रत्यक्ष नुकसान करतात. चित्र घ्यावे, परंतु मोजणी वगळू नये, आणि घरट्यापासून दूर राहावे.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी की, निसर्गातील ऱ्हास हळूहळू होतो आणि प्रत्येक पिढी आपल्या बालपणी पाहिलेल्या स्थितीलाच मूळ स्थिती समजते. तळ्यात सांडपाणी आले, काठ काँक्रीटचे झाले, बदके निम्म्यावर आली, तरी ज्याने पूर्वीचे पाहिले नाही त्याला काही उणे वाटत नाही. आजोबा सांगतात की, पूर्वी पाणी पक्ष्यांनी झाकून जात असे. नातू ते गोष्ट म्हणून ऐकतो. दोघांमध्ये वाद मिटविणारा आकडा हवा असतो, आणि तो चाळीस वर्षांपूर्वी कोणी तरी लिहिलेला असावा लागतो. नगरपालिकेपुढे वा न्यायालयापुढे तळ्याची बाजू मांडावयाची झाली, तरी प्रथम हाच आकडा मागितला जातो.

हे काम म्हैसूरपुरते नाही. कोल्हापूरचा रंकाळा, पुण्याचे पाषाण, नाशिकजवळचे नांदूर-मधमेश्वर, पैठणचे नाथसागर यांच्या काठी राहणाऱ्या मुलांनाही ते करता येईल. दरवर्षी जानेवारीत आशिया खंडातील पाणपक्ष्यांची गणना होते. तिला प्रारंभ १९८७ साली झाला, आणि तीत भाग घेणारे बहुतेक जण हौशीच असतात. गावाजवळ मोठा जलाशय नसेल तर विहिरीकाठचे उंबराचे झाडही चालेल. शाळेने एक जाड बांधणीची वही घ्यावी, पहिल्या पानावर जागेचे नाव व नकाशा घालावा, आणि ती वर्ग बदलला तरी पुढील वर्गाकडे सोपवावी. येत्या सप्टेंबरात पहिला धोबी दिसेल त्या दिवशी तीत पहिली तारीख पडावी.